सातशे ग्रॅमचा प्रश्न

गेल्या महिन्यात कल्याणला आपल्या कार्यकर्त्यांची बैठक झाली. विषयपत्रिकेवरचा अखेरचा विषय होता, वस्त्यांमधून नोंदणीचे काम करणाऱ्या साथींसाठी एक लॅपटॉप विकत घेण्याचा. निधी जमलेला होता आणि दोन दरपत्रके समोर होती. पहिले यंत्र चाळीस हजारांचे. पडदा मोठा, वजन चार्जरसह सव्वादोन किलोच्या जवळ. दुसरे पंच्याऐंशी हजारांचे. पातळ, देखणे, वजन चार्जरसह दीड किलोच्या आत. पाच मिनिटांत उरकेल असे वाटणारा हा विषय पाऊण तास चालला आणि शेवटी पुढच्या बैठकीवर ढकलण्यात आला. आणीबाणीत तुरुंगवास भोगलेल्या एका ज्येष्ठ साथींनी असे मत मांडले, की हलके यंत्र ही पांढरपेशा वर्गाची चैन आहे. सातशे ग्रॅम वाचावेत म्हणून पंचेचाळीस हजार रुपये जादा मोजणाऱ्यांनी घरकामगार महिलांकडून दहा-दहा रुपयांची वर्गणी कोणत्या तोंडाने मागावी? बैठकीत यावर कोणी बोलले नाही. त्या वेळी मलाही उत्तर सुचले नाही. नंतर विचार करता असे वाटले, की साथींचा राग योग्य आहे, पण त्यांनी काढलेला निष्कर्ष योग्य नाही. त्याचबरोबर पंच्याऐंशी हजारांच्या यंत्राची भलामण करणाऱ्या तरुण मित्रांचा निष्कर्षही मला पटलेला नाही.

प्रथम हे यंत्र कशासाठी हवे आहे, ते पाहू. २०२१ च्या ऑगस्टमध्ये ई-श्रमची नोंदणी सुरू झाली तेव्हापासून असंघटित कामगारांमधील आपल्या कामाचे स्वरूप बदलले आहे. मोर्चा आणि निवेदन यांच्या जोडीला अर्ज भरणे हे एक कायमचे काम येऊन बसले आहे. घरकामगारांसाठी २००८ चा कायदा आहे, बांधकाम कामगारांसाठी मंडळ आहे. पण या सर्वांचे दरवाजे आता संगणकाच्या पडद्यातून उघडतात. ज्या बाईला ते उघडता येत नाहीत तिला दलाल भेटतो आणि एका अर्जाचे पैसे घेऊन जातो. किसननगर, लोकमान्यनगर किंवा नेतिवलीच्या टेकडीवर आपली कार्यकर्ती संध्याकाळी एखाद्याच्या ओट्यावर यंत्र उघडून बसते, ती या दलालीच्या विरोधात. हे काम मोबाईलवर का होत नाही, असे विचारले जाते. एक-दोन अर्ज होतात. पन्नास बायकांची यादी, प्रत्येकीची कागदपत्रे ठरावीक आकारात बसविणे, नाकारलेल्या अर्जावर मराठीत नीट पत्र लिहिणे हे मोबाईलच्या पडद्यावर करून पाहावे, म्हणजे प्रश्न विचारण्याची गरज उरणार नाही.

आता ही कार्यकर्ती तेथे पोहोचते कशी? ती डोंबिवली पूर्वेला राहते, दिवसा ठाण्यात नोकरी करते आणि नोकरी सुटल्यावर वस्तीत जाते. म्हणजे सकाळी घरातून निघताना खांद्यावर घेतलेले यंत्र रात्री घरी परत येईपर्यंत तिच्या अंगावरच असते. सकाळच्या डोंबिवली लोकलचे वर्णन या पत्राच्या वाचकांपुढे करण्याची गरज नाही. रेल्वेचे अभियंते ज्याला अतितीव्र दाटीचा भार म्हणतात, त्या स्थितीत एका चौरस मीटर जागेत चौदा ते सोळा माणसे उभी असतात. कंपन्यांच्या प्रयोगशाळांत लॅपटॉपच्या नाना चाचण्या होत असतील. लेडीज डब्याच्या दारातली चाचणी त्यांत नाही. या गर्दीत पाठीवरच्या पिशवीची जाडी आणि वजन हा सोयीचा प्रश्न राहत नाही.

तो जिवाचा प्रश्न कसा होतो, हे आपल्याच मार्गावर दिसून आले आहे. ९ जून २०२५ रोजी सकाळी मुंब्र्याजवळच्या वळणावर मुंबईकडे येणारी आणि कर्जतकडे जाणारी अशा दोन लोकल एकमेकींना ओलांडत असताना दरवाज्यांत लटकलेले प्रवासी रुळांवर पडले. चार जण त्याच दिवशी दगावले, अनेक जखमी झाले. लटकणाऱ्यांच्या पाठीवरच्या पिशव्या एकमेकींना घासल्या, असे कारण त्या वेळी पुढे करण्यात आले. नोव्हेंबरमध्ये लोहमार्ग पोलिसांनी रुळांच्या देखभालीतील हयगयीबद्दल दोन अभियंत्यांवर गुन्हा नोंदविला आणि त्याविरुद्ध रेल्वे कामगारांनी मुंबईत निदर्शने केली. दोष कोणाचा, हे न्यायालय ठरवील. परंतु एवढ्या मोठ्या यंत्रणेला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्यासाठी सर्वप्रथम कोण सापडले? पिशवी! ती पिशवी पाठीवर का होती, तिच्यात कोणाचे यंत्र होते, ते घरी नेण्याची सक्ती कोणी केली होती, हे विचारण्याची कोणाला निकड भासली नाही.

हा प्रश्न पुढे घेऊ. आधी ज्या सातशे ग्रॅमांवर पाऊण तास वाद झाला त्यांचा हिशेब करू. एका रविवारी मी तीन साथींच्या पिशव्या मागवून घेतल्या आणि स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर एकेक वस्तू ठेवून पाहिली. त्यांतील सर्वांत जड पिशवीचा तपशील असा : लॅपटॉप पावणेदोन किलो, त्याचा विटेसारखा चार्जर वायरींसह चारशे ग्रॅम, पाण्याची भरलेली बाटली एक किलो, डबा सातशे ग्रॅम, अर्जांची फाईल आठशे, छत्री साडेतीनशे आणि रिकामी पिशवी नऊशे ग्रॅम. एकूण सहा किलोला शंभर ग्रॅम कमी. शाळेच्या मुलाच्या दप्तराचे वजन त्याच्या शरीराच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक असू नये, असे केंद्राचे २०२० चे धोरण आहे. महाराष्ट्राने तसा निर्णय २०१५ सालीच काढला होता. तोच निकष लावला तर पन्नास किलो वजनाच्या आपल्या साथीने पाच किलोंहून अधिक उचलता कामा नये. पण मुलांसाठी निदान कागदावर तरी निकष आहे. मुलगा मोठा होऊन नोकरीला लागला, की त्याच्या खांद्याविषयी शासनाची काळजी संपते.

या वजनकाट्याने मला एक गोष्ट शिकविली, जी दोन्ही दरपत्रकांत नव्हती. नऊशे ग्रॅमची पिशवी काढून पाचशे ग्रॅमची घेतली, तर चारशे ग्रॅम कमी होतात. चारशे ग्रॅमच्या चार्जरऐवजी दीडशे ग्रॅमचा छोटा टाइप-सी चार्जर वापरला, तर आणखी अडीचशे जातात. शिवाय तोच मोबाईललाही चालतो. हे साडेसहाशे ग्रॅम झाले आणि त्यासाठी तीन-चार हजारांहून अधिक खर्च येत नाही. ज्या हलकेपणासाठी पंचेचाळीस हजार मोजायचे, तो जवळजवळ सगळा पिशवीतून आणि चार्जरमधून मिळतो. अट एकच, यंत्र टाइप-सीमधून चार्ज होणारे असले पाहिजे. स्वस्त यंत्रांपैकी पुष्कळशी तशी नसतात. विकत घेताना दुकानदाराला पहिला प्रश्न हाच विचारावा.

'वाहून नेण्याजोगा' या शब्दाचा इतिहासही मोठा गमतीचा आहे. १९८१ साली अमेरिकेत ऑस्बोर्न नावाचा संगणक याच विशेषणासह बाजारात आला. त्याचे वजन सुमारे अकरा किलो होते, पडदा पाच इंचांचा, आणि बॅटरी नव्हतीच! माणसाने तो विमानाच्या आसनाखाली सरकवायचा, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. २००८ साली अॅपल कंपनीच्या स्टीव्ह जॉब्स यांनी कागदी पाकिटातून एक लॅपटॉप काढून दाखविला आणि तेव्हापासून पातळपणा ही जणू एक स्वतंत्र किंमतवाली वस्तू झाली. त्या पातळपणासाठी काय द्यावे लागले, ते मात्र पाकिटात दिसत नव्हते. जागा वाचविण्यासाठी रॅम मुख्य फलकाला डाख देऊन कायमची चिकटविण्यात आली, अनेक यंत्रांत बॅटरीही डिंकाने बसविण्यात आली. पूर्वी दोन-तीन हजारांत नवी रॅम घालून यंत्र आणखी चार वर्षे चालविता येत असे. आता रॅम बिघडली तर अख्खा फलक बदला, म्हणजे व्यवहारात नवे यंत्रच घ्या. वस्तू हलकी झाली आणि ग्राहक कंपनीला अधिक घट्ट बांधला गेला. २०२२ च्या डिसेंबरात केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्काचे एक संकेतस्थळ सुरू केले. कंपन्यांवर कायद्याची सक्ती मात्र त्यातून आली नाही.

हलकेपणा आणि दुरुस्ती यांचे वैर अटळ आहे, असे समजण्याचे कारण नाही. आपल्याच कर्जत मार्गावर त्याचा पुरावा येऊन गेला आहे. २००७ साली कर्जतजवळच्या खैराट येथील एकशिक्षकी शाळेत 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' या जागतिक योजनेचा भारतातला पहिला प्रयोग झाला. ते हिरवे-पांढरे यंत्र दीड किलोच्या आसपास होते. त्याचा पडदा भर उन्हात वाचता येई, कळफलक रबरी असल्यामुळे धूळ-पाण्याला दाद देत नसे, आणि साध्या पेचकसाने ते उघडून भाग बदलता येत. योजनेच्या उणिवा पुष्कळ होत्या. शंभर डॉलर ही जाहीर केलेली किंमत प्रत्यक्षात जवळजवळ दुप्पट झाली. आपल्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने तर ती कल्पना २००६ सालीच नाकारली होती. केवळ यंत्र हाती दिल्याने शिक्षण होत नाही, ही टीकाही खरी होती. पण वापरणारा कोण आहे, तो कोठे बसणार आहे, बिघाड झाल्यावर त्याच्या जवळपास कोण असणार आहे, हे प्रश्न डोळ्यांपुढे ठेवून हलके आणि दुरुस्त होणारे यंत्र घडविता येते, एवढे त्याने सिद्ध केले. बाजाराने त्यातला हलकेपणा तेवढा उचलला.

तेव्हा आपल्या कामासाठी यंत्राची पारख कशी करावी? जाहिरातीत ज्या गोष्टी ठळक असतात त्यांतील बहुतेक आपल्याला बिनमहत्त्वाच्या आहेत. अर्ज भरणे, पत्र लिहिणे, कागद छायांकित करणे यांसाठी आजचे कोणतेही साधारण यंत्र पुरेसे वेगवान आहे. खरी कसोटी झाकणाची. यंत्र बंद करून झाकणाच्या मध्यभागी तळहाताने दाब द्यावा. ते पापडासारखे वाकत असेल तर गर्दीत पडद्याला तडा जाणार हे नक्की समजावे. आणि पडदा बदलण्याचा खर्च ऐकून घरी कोणाला तोंड दाखवावेसे वाटत नाही. निव्वळ प्लास्टिकची पातळ यंत्रे येथेच नापास होतात. त्यानंतर बिजागरी पाहावी, कारण ओट्यावर, मांडीवर, उभ्या-उभ्या कपाटावर असे दिवसातून दहा वेळा झाकण उघडमिट होते. बॅटरी किमान पाच तास पुरली पाहिजे, कारण वस्तीतल्या ज्या घरात आपण बसतो त्यांच्या विजेच्या बिलावर आपले काम चालविणे योग्य नव्हे. काही घरांत तर मोकळा प्लगच नसतो.

कळफलकाविषयी दोन शब्द अधिक लिहितो, कारण या बाबतीत आपले लोक फार सोशिक आहेत. अतिपातळ यंत्रांच्या कळा जेमतेम हलतात. तासभर मराठी लिहिले की बोटांची टोके दुखू लागतात. इनस्क्रिप्टची सोय प्रत्येक यंत्रात असते, वेगळे काही विकत घ्यावे लागत नाही, तरी आपल्यापैकी निम्मे कार्यकर्ते रोमन लिपीत मराठी टंकून मग यंत्राने केलेल्या चुका दुरुस्त करीत बसतात. दुकानात यंत्र पाहताना 'कळवळा', 'घरकामगारांच्या', 'तऱ्हा' असे शब्द त्यावर प्रत्यक्ष लिहून पाहावेत. दुकानदार हसला तर हसू द्यावे.

या साऱ्या कसोट्यांवर आमच्या दोन्ही दरपत्रकांतील यंत्रे मला अपुरी वाटली. चाळीस हजारांचे यंत्र जड, त्याचे झाकण वाकणारे आणि बॅटरी साडेतीन तासांची. पंच्याऐंशी हजारांचे यंत्र झाकणाच्या कसोटीला उतरले, पण त्याची रॅम डाख दिलेली आणि किंमत आपल्या आवाक्याबाहेरची. तिसरा मार्ग माझ्या मते या दोहोंहून बरा आहे. मोठ्या कंपन्या आपल्या नोकरांना चांगल्या प्रतीचे कार्यालयीन लॅपटॉप देतात आणि तीन-चार वर्षांनी ते एकगठ्ठा काढून टाकतात. चौदा इंची, दीड किलोच्या आतबाहेर वजनाची ही यंत्रे मुळात रोज हाताळण्यासाठीच घडविलेली असतात. झाकण कणखर, कळफलक उत्तम, बॅटरी स्क्रू काढून बदलता येणारी. लॅमिंग्टन रोडवर, आणि आता ठाण्या-कल्याणातही, ती पुनर्सज्ज करून विकणारी दुकाने आहेत. मी चौकशी केली तेव्हा सांगण्यात आलेली किंमत तीस हजारांच्या आत होती. अर्थात डोळे मिटून घ्यावे असे हे यंत्र नव्हे. बॅटरीची मूळ क्षमता किती व आज किती उरली आहे, याचा अहवाल यंत्र स्वतःच देते. तो मागून घ्यावा. विंडोज १० ची सर्वसाधारण साथ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली असल्यामुळे, इंटेलचे यंत्र असेल तर प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा असल्याची खात्री करावी. अन्यथा लिनक्स घालून घ्यावे. केरळच्या शासकीय शाळा वर्षानुवर्षे मुक्त आज्ञावलींवर चालत आल्या आहेत. आपल्या कचेरीला त्या जड जाऊ नयेत. हमीपत्र लेखी घ्यावे. दुसऱ्याने वापरलेली वस्तू पक्षाच्या कचेरीत कशी शोभेल, असा प्रश्न कोणी काढणार नाही, अशी आशा आहे. आपल्या कचेरीतली एकही खुर्ची नवी घेतलेली मला आठवत नाही.

आता राहिलेला प्रश्न. आपण आपल्या एका साथीचे ओझे निधीतून हलके करू. पण डोंबिवलीच्या फलाटावर तिच्या शेजारी लॅपटॉपची पिशवी छातीशी धरून उभ्या असलेल्या इतरांचे काय? त्यांतील बहुतेकांचे यंत्र त्यांचे स्वतःचे नाही, आणि ते हलके की जड हे निवडण्याचा अधिकारही त्यांना नाही. ठाण्याला उतरून नऊ-दहा नंबरच्या फलाटावरून ऐरोलीकडे जाणाऱ्या गर्दीकडे पाहावे. ठाणे-बेलापूर पट्ट्यात पूर्वी रसायनांचे आणि यंत्रसामग्रीचे कारखाने होते. तेथील कामगाराचे शोषण होत होतेच, पण पाळी संपल्यावर तो आपला लेथ खांद्यावर टाकून घरी नेत नव्हता. आज त्याच जमिनींवर उभ्या राहिलेल्या संगणक उद्यानांतला नोकर आपले कामाचे हत्यार रोज घरी नेतो आणि रोज परत आणतो. २०२० च्या टाळेबंदीनंतर तर हा नियमच झाला. हत्यार घरी आले की मागोमाग काम येते. कंपनी जागेचे भाडे वाचविते, आणि ने-आण मात्र नोकराच्या खांद्यावरून, त्याच्या वेळात, त्याच्या पासावर होते.

ओझे वाहणाऱ्या कामगारांसाठी १९६९ साली माथाडी कायदा करणारे हे राज्य आहे. पन्नास किलोचे पोते पाठीवर घेणाऱ्या माथाडीशी दोन किलोचे यंत्र नेणाऱ्या नोकराची बरोबरी करणे उद्धटपणाचे होईल, आणि मी ती करीत नाही. पण दुसऱ्याच्या मालकीचे ओझे जो वाहतो त्याच्या श्रमाचा हिशेब मालकाने द्यावा, हे त्या कायद्यामागचे तत्त्व येथे लागू का होऊ नये? कंपनीला यंत्र रोज घरी पाठवायचेच असेल तर ते चार्जरसह दीड किलोच्या आत असले पाहिजे, किंवा कार्यालयात दुसरा चार्जर व कुलूपबंद खण दिला पाहिजे, अशी मागणी आपल्या संघटनांनी का करू नये? कामाच्या वेळेबाहेर मालकाशी संपर्क तोडण्याच्या हक्काचे खासगी विधेयक सुप्रिया सुळे यांनी २०१८ साली लोकसभेत मांडले होते. फ्रान्समध्ये तसा कायदा २०१७ पासून अमलात आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी झगडून १८९० साली गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली, तिचे आज पिशवीतल्या यंत्राने काय केले आहे, ते डोंबिवलीतल्या कोणत्याही घरात रविवारी दुपारी डोकावून पाहावे.

आमच्या ज्येष्ठ साथींना चैन या शब्दाबद्दल मी एक आठवण करून देऊ इच्छितो. ती त्यांना माझ्याहून चांगली ठाऊक आहे. १९७७ साली प्रा. मधु दंडवते रेल्वेमंत्री झाले आणि दुसऱ्या वर्गाच्या शयनयानातल्या लाकडी फळ्यांवर दोन इंचांची गादी आली. पहिल्या वर्गाच्या प्रवाशाला गादी होतीच. रात्रभर लाकडावर पाठ टेकणाऱ्या गरीब माणसाची पाठही पाठच आहे, एवढेच समाजवादी मंत्र्याने मान्य केले. त्या दोन इंचांना चैन म्हणायला आपले साथी तयार होणार नाहीत.

पुढच्या बैठकीत मी असे सुचविणार आहे, की पुनर्सज्ज कार्यालयीन यंत्रे दोन घ्यावीत, एक ठाण्याकडे आणि एक कल्याण-डोंबिवलीकडे. त्यांबरोबर हलक्या पिशव्या आणि छोटे चार्जर. एकूण खर्च सत्तर हजारांच्या आत बसतो. त्यातून उरलेल्या पैशांपैकी काही एका जादा बॅटरीसाठी बाजूला ठेवावेत. फाईलचे आठशे ग्रॅम मात्र कसे कमी करावेत, ते मला अद्याप सुचलेले नाही. मूळ कागद पाहिल्याशिवाय बायकांचा आपल्यावर विश्वास बसत नाही, आणि त्या बाबतीत चूक त्यांची नाही.